गाडी येते

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि तिला तर मी फोनवर काय काय सांगते, आमटीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा सांगते. देवालाही नाही. देव तर आमच्या कारखान्यात रांगेने उभे असतात, त्यांच्यासमोर बसूनच मी दिवसभर काम करते, पण एकाच्याही कानात हे बोलले नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये सोपं.

आणि गंमत अशी, की यातला बराचसा भाग आनंदाचा आहे. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तो आठवला की आत्तासुद्धा माझा डावा पाय खाली क्लच शोधतो. म्हणून आधी तेच सांगते. दुसरं — येते, तिथपर्यंत येते.

येते. बघा, हाच तो शब्द.

मी ज्योती. वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडली, कुणी काढलं नव्हतं. आमच्या गावच्या दोन बाया हंगामात पेणजवळ हमरापूरला गणपती रंगवायला जायच्या, त्यांच्यासोबत पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा मला समुद्र म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. हंगाम संपला, बाया परत गेल्या. मी राहिले. राहिले ते सुमनकाकीमुळे. कारखाना तिचा. नवरा गेला तसा तिनेच तो चालवला, साचे, रंग, गिऱ्हाइकं सगळं एकटीने. मला कारखान्यामागची खोली दिली. भातावर माझं पोट भरत नाही हे तिला न सांगता कळलं, आणि पुढच्या बाजाराला पेणहून ज्वारी घेऊन आली. भाकर थापली ती तांदळाच्या भाकरीसारखी, उकड काढून. तुटली. मग मी शिकवली. मी कुणाला तरी काही शिकवलं, असं पहिल्यांदा झालं.

सांगा, अशा माणसाशी कुणी खोटं बोलेल?

गणपतीच्या आधीचे दिवस होते. कारखान्यात रंग फवारायच्या कंप्रेसरचा आवाज इतका, की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. मी पितांबरं रंगवत होते. काकीने मला दारात पाठवलं होतं, मूर्ती न्यायला टेम्पो यायचा होता, तो दिसतो का बघायला. आत काकी एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. काय बोलत होती ते मला दारातून ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात ती ओरडली, "ज्योते, गाडी येते काय गो?"

आणि वळणावर टेम्पो दिसला.

"येते काकी, येते!" मीही ओरडले.

काकी बाहेर आली ती डोळे मोठे करून. टेम्पोकडे बघितलंच नाही तिने. मलाच बघत होती. "खरंच येते? मग इतके दिस बोलली नाय ती? मी आपली म्हणतंय, गाडी सडली, चालवणारं कोण नाय, आन् ही बया गाडी येत असून पितांबरं रंगवतंय!"

गिऱ्हाईक हसलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. काकीच्या नवऱ्याची पांढरी गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, आत तिचाच विषय चालला होता. काकीने विचारलं होतं, मला गाडी चालवता येते का. मी सांगितलं होतं, टेम्पो येतोय.

एवढीच चूक. शब्दाची. टेम्पो तिथेच उभा होता, धूर सोडत. मी बोट दाखवून म्हणाले असते, "अगं काकी, ही गाडी!" तर सगळे पोट धरून हसले असते आणि गोष्ट संपली असती. पण काकीच्या चेहऱ्यावर ते जे काही होतं, ते माझ्याकडे बघून कुणाच्या चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. मास्तरांच्या नाही, बापाच्या नाही. मी म्हणाले, "येते. थोडी थोडी."

ते 'थोडी थोडी' मात्र माझंच. ती शब्दाची चूक नव्हती.

त्या दिवसापासून मी घाबरलेली. ताडपत्रीखालची ती गाडी मला रोज दिसायची. काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या पोरीला गाडी येते. लायसन विचारलं तर मी म्हणाले, गावाकडे राहिलंय. बघा, एकाला दुसरं लागतंच. पेणमध्ये गाडी शिकवणारे होते, पण तिथे जायचं कसं? पेण ते केवढंसं! काकीला ओळखत नाही असं तिथे कुणी नाही. दुपारी गेले असते तर संध्याकाळी काकीला कळलं असतं.

तेव्हा दर्शन आला. काकीच्या भावाचा मुलगा, रोह्याचा. कंपनीत कामाला, शिफ्ट संपली की मोटारसायकल काढून कुठेही जाणारा. घरचा गणपती न्यायला आला होता. मूर्तीचे डोळे आखून व्हायचे होते म्हणून बसला, आणि बसल्या बसल्या मोबाइलवर गाडी चालवायला लागला. मी रंगाचा हात तसाच घेऊन मागे जाऊन उभी राहिले.

अहो, काय सांगू! त्या मोबाइलमध्ये अख्खं शहर होतं. रस्ते, सिग्नल, पेट्रोल पंप, घाट, बोगदा, खाडीवरचा पूल. आणि रस्त्यावरच्या गाड्या खोट्या नाहीत. म्हणजे गाड्या खोट्या, पण प्रत्येकीत एक खरं माणूस, आपापल्या घरी बसलेलं. कोण सोलापूरहून, कोण दुबईहून. एकमेकांशी बोलत चालले होते. हॉर्न देत होते. एक जण चुकीच्या बाजूने घुसला तर बाकीच्यांनी त्याला असा झापला, जसा वडखळच्या नाक्यावर झापतात.

मी विचारलं, "यात शिकता येतं का?"

"तुला तर येते ना? आत्या सांगत होती."

"सवय मोडली," मी म्हणाले. अजून एक.

त्याने माझ्या मोबाइलवर ते शहर उतरवून दिलं, आणि रोह्याला गेल्यावर तिथून, त्याच शहरात, माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणजे तो रोह्यात, मी हमरापुरात, आणि आम्ही दोघं एकाच गाडीत. कानात त्याचा आवाज. "चल, आता ब्रेक दाब." मी विचारलं, ब्रेक कुठला. तो म्हणाला, "तुमच्याकडं गाड्यांना ब्रेक नसतात काय गो?" त्याला त्याच क्षणी कळलं असणार. कळलंच असणार. बोलला मात्र नाही. शिकवायला लागला.

मोबाइल तिरका केला की चाक वळायचं. नुसत्या हातात धरून ते मला जमेना. मग मी नाश्त्याची स्टीलची ताटली घेतली, मधोमध मोबाइल रबरबँडने बांधला, आणि ताटलीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. स्टिअरिंग! अंगठे बरोबर बटणांवर पोचायचे. उजवा अंगठा वेग आणि ब्रेक, डावा क्लच. क्लच बंद ठेवायची सोय होती, दर्शनने ठेवू दिली नाही. "खऱ्या गाडीत हाय ना? मग इथंही." पायांना सवय लागावी म्हणून मी खाली रंगाचे तीन रिकामे डबे मांडले आणि अंगठ्याबरोबर पायही दाबायला लागले. काकीने एकदा ते बघितलं. ताटलीत मोबाइल, पाय डब्यांवर, तोंडाने घर्रर्र. "काय गो, कंप्रेसर शिरला काय अंगात?" म्हणाली आणि हसत गेली. मी सराव करते आहे असं तिला सांगितलं होतं. खोटं होतं का ते? तेवढं तरी खरंच होतं.

पहिल्या दिवशी मी पाच-पन्नास वेळा आपटले. दुकानात घुसले. सिग्नलचा खांब पाडला. पुलावरून सरळ पाण्यात. गाडी बुडायची, वर बुडबुडे, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण उजळायचं — परत रस्त्यावर. दाबलं की गाडी कोरडी, चकचकीत, जणू काही झालंच नाही. मला ते बटण इतकं आवडलं! कुठे असतं असं बटण? शाळेत नव्हतं. एकदा एक ट्रकवाला मागून ओरडला, "ओ वाशीमवाल्या ताई, दिवा डावीकडं आन् गाडी उजवीकडं, आम्ही जायचं कुठं, वर?" माझ्या गाडीवर नाव लिहिलेलं असायचं, ज्योती वाशीम. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी नको, आरसा बघा." तेव्हापासून मी आरसा बघते.

आणि मग एक दिवस ते झालं. घाटात, चढावर, गाडी मागे न घसरता उभी राहिली. डावा अंगठा हळूहळू वर, उजवा हळूहळू खाली, गाडी थरथरली, थांबली, आणि पुढे निघाली. बंद न पडता! मी खोलीत एकटीच ओरडले. कानात दर्शन ओरडला, "जमलं! अगं जमलं!" मागचा तो ट्रकवाला होता की दुसरा कुणी, त्याने लांबलचक हॉर्न दिला. वर गेले, तर घाटाच्या माथ्यावरून खाली अख्खं शहर, दिवे लागलेले, रस्ते वळणावळणाचे, आणि मी तिथे माझ्या गाडीने पोचलेली. आठवी नापास मुलगी. नापास नाही, सोडलेली. तरी लोक नापासच म्हणतात. त्या शहरात मला कुणी कितवी विचारली नाही. आरसा बघते का, एवढंच विचारलं.

तिथे एक गॅरेजही होतं. बॉनेट उघडलं की आतलं सगळं दिसायचं. दर्शनने एकेक दाखवलं. "हे रेडिएटर. ही बॅटरी. गाडी चावीला काहीच बोलली नाय, तर आधी हे टर्मिनल बघायचं. वायर सैल झाली असंल तर दहा नंबरच्या पान्यानं आवळायची. बस."

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं.

आता काकीला गाडी कशाला हवी होती, ते सांगायला हवं. तिचं माहेर रोह्याचं. तिथे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवताची पालखी निघते आणि गल्लोगल्ली फिरत प्रत्येकाच्या दारात येते. देव स्वतः दारात! काकी लहानपणी उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभी राहायची, धाकटा भाऊ, म्हणजे दर्शनचे वडील, आता आप्पा म्हणतात त्यांना, तिचा पदर धरून. म्हणजे तेव्हा परकर. लग्नानंतर ती क्वचित गेली. मग कारखाना, मग गुडघे, मग बसची गर्दी. आणि त्या वर्षी आप्पांनी ते घर विकलं होतं. दिवाळीनंतर ते दर्शनबरोबर स्टेशनकडच्या इमारतीत राहायला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर. तिथे पालखी येणार जिन्याखाली. दारात नाही.

"एकदाच गो," काकी मला म्हणाली, "त्या दारात आम्ही दोघा भावंडं ताट घेऊन उभी राहू. मग दार गेलं तरी चालंल. तू नेशील ना?"

"नेते," मी म्हणाले.

ताडपत्री निघाली. पेणहून मेकॅनिक आला, तेल बदललं, नवी बॅटरी घातली. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि चावी माझ्या हातात दिली. माझ्या! मी म्हणाले, दसऱ्यालाच चालवते, पूजा झाल्यावर. काकीला ते फार आवडलं.

दसऱ्याला काकीने गाडी स्वतः धुतली. झेंडूची माळ घातली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग नारळ घेतला. शेजारची वहिनी कुंपणाजवळ उभी होती. ती म्हणाली, "सुमन, नारळ पोरीला फोडू दे गो. तू कशाला? बरं दिसत नाय." तिला काय म्हणायचं होतं, ते सगळ्यांना कळलं. नवरा नसलेल्या बाईने नारळ वाढवू नये, असं मानतात. काकी कारखान्यात पहिल्या साच्याच्या मुहूर्तालाही स्वतः फोडायची, पण ते आत, चार माणसांत. हे अंगणात होतं. काकीने वहिनीकडे बघितलंही नाही. "माझ्या नवऱ्याची गाडी हाय," म्हणाली, "मीच फोडणार." आणि दगडावर असा आपटला की एका फटक्यात दोन सरळ भकलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग मी गाडीत बसले. खरी सीट. खरं स्टिअरिंग, ताटलीपेक्षा केवढं मोठं! पाय क्लचवर ठेवला, तर तो डब्यासारखा मुकाट नव्हता, उलटा ढकलत होता. चावी फिरवली. अख्खी गाडी माझ्याखाली जिवंत झाली. तसं मोबाइलमध्ये होत नाही हो! पहिला गिअर. डावा पाय हळूहळू वर, उजवा हळूहळू खाली. थरथर. आणि गाडी निघाली! लिंबं फुटल्याचं मला सीटमध्ये जाणवलं. काकी टाळ्या वाजवत होती, अंगण मागे सरकत होतं, मी खरी, गाडी खरी, मला गाडी येत होती!

समोर पुढच्या हंगामाच्या कच्च्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. पांढऱ्या, डोळे नसलेल्या, रांगेने. मला वाटलं होतं अजून खूप लांब आहेत. त्या नव्हत्या. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिले. गाडी आचका देऊन बंद पडली. पहिल्या मूर्तीची सोंड आणि बॉनेट यांच्यात हातभर जागा होती. आणि मी — हे सांगायला लाज वाटते — मी काचेच्या कोपऱ्यात बघितलं. ते बटण शोधलं.

मागून काकी म्हणाली, "किती बरोबर थांबवली गो!"

मी हसले. उतरून मनातल्या मनात रस्ता मोजला. हमरापूर ते रोहा. वडखळचा नाका, हायवेचे ट्रक, नागोठणं, खांब, कोलाड. शेजारी काकी, मांडीवर आरतीचं ताट. आणि कोपऱ्यात बटण नाही.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? पूर्ण दिवस होता हातात. संध्याकाळी सोनं द्यायला काकीच्या पाया पडले तेव्हा तोंडाशी आलं होतं. काकी, मला येत नाही. चारच शब्द. तिने दुसरा कुणी चालवणारा बघितला असता, तोही वेळ होता. दर्शनला फोन केला असता तर तो पहाटे मोटारसायकल टाकून आला असता आणि गाडी घेऊन गेला असता. पण मग तिच्या डोळ्यांतलं ते गेलं असतं. गाडी येणारी पोर गेली असती. पितांबरं रंगवणारी उरली असती.

सकाळी काकी आंघोळीला गेली. मला न्हाणीतलं पाणी ऐकू येत होतं, ती काहीतरी गुणगुणत होती. मी बॉनेट उघडलं. कुंकवाचं स्वस्तिक माझ्या डोक्यावर उभं राहिलं. दहा नंबरचा पाना. टर्मिनल सैल केलं, वायर जराशी उचलून बाजूला ठेवली, बॉनेट आवाज न होऊ देता खाली घेतलं. त्या शहरात शिकलेलं जे पहिलं काम मी खऱ्या गाडीवर नीट केलं, ते हे. चालवायचं नाही. बंद पाडायचं.

काकी हिरवं नऊवारी नेसून आली. ताट रुमालाने झाकलेलं. बसली शेजारी. मी चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. मी तोंड पाडलं, आणि ते मला किती छान पाडता आलं! तिसऱ्यांदाही फिरवली, काकीला दिसावं म्हणून. मेकॅनिकला फोन लावला, सणाचा दुसरा दिवस, त्याने उचलला नाही. उचलला असता तर? मी त्याचीही भीती धरून होते.

"तुझा काय दोष गो?" काकी म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून तिथे आहे.

मग आम्ही रिक्षाने पेण, तिथून भरलेल्या जीपने नागोठणं, मग दुसरी गाडी. काकी गुडघे आखडून बसलेली, ताट दोन्ही हातांनी छातीशी. खांबच्या पुढे सगळं ठप्प झालं. ट्रकच्या मागे ट्रक. दर्शनचे फोनवर फोन. "आत्या, पालखी आळीत शिरली." मग, "आत्या, चार घरं राहिली." मग फोन आला नाही.

पोचलो तेव्हा दारात फुलं तुडवलेली होती, गुलाल होता, ढोल लांब दुसऱ्या आळीत वाजत होता. आप्पा उंबऱ्यात खुर्चीवर बसले होते. काकीला बघून उठले. "ये ताई," म्हणाले. "लय थांबवली गो मी पालखी. ताई येते, ताई येते म्हणून सांगत होतो. भोई म्हणाले, आप्पा, देवाला किती उभं करायचं? मग गेली."

ताई येते. तो शब्द तिथेही माझी वाट बघत होता.

काकी रडली नाही. ताट खाली ठेवलं, वात बोटाने सरळ केली, पेटवली, आणि रिकाम्या रस्त्यालाच ओवाळलं. आप्पा तिच्या बाजूला उभे राहिले. मी मागे होते. दर्शनने मला हळूच विचारलं, "टर्मिनल बघितलं होतंस?"

"बघितलं होतं," मी म्हणाले. हे मात्र अगदी खरं.

तो आत पाणी आणायला गेला. त्याने ते परत कधी विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. मीही बरेच दिवस असंच समजत होते. पण खरं ते नंतर झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. काकी आत गेली तशी मी वायर लावली, आवळली. म्हटलं आता मेकॅनिक आला तर उघडं पडायला नको. आणि चावी फिरवून बघितली. पहिल्याच चावीला सुरू. आवाज ऐकून काकी बाहेर आली. गाडीकडे बघत उभी राहिली. कुंपणापलीकडे वहिनी होती, तिनेही बघितलं.

"बघ गो," काकी म्हणाली, अगदी हळू. "गाडीला माझ्या हातचा नारळ नको होता."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. इंजिन चालू होतं. एक वाक्य. एकच! काकी, वायर मी काढली होती. आता तर भीती कसली होती? रोहा होऊन गेलं होतं. मी गाडी बंद केली, चावी तिच्या हातात दिली, आणि भाकरी थापायला गेले.

तेव्हापासून काकीने नारळ फोडला नाही. गाडीचा नाही, आणि कारखान्यातला पहिल्या साच्याचाही नाही, जो ती नवरा गेल्यापासून दर वर्षी स्वतः फोडत आली होती. "तू फोड गो," म्हणते. मी फोडते.

मी नंतर गाडी शिकले. पेणमध्ये, उघडपणे, हायवेचा सराव नाही असं सांगून. गावाकडचं हरवलं म्हणाले आणि नवं लायसन काढलं. आता मला खरंच येते, आणि अहो, ते सुख काय सांगू तुम्हाला! वडखळचा नाका मी गप्पा मारत पार करते. कोलाडला वळले की काकी खिडकीची काच खाली करते आणि वाऱ्याला तोंड देते. पहिल्यांदा तिला रोह्याला घेऊन गेले तेव्हा आप्पा तिसऱ्या मजल्यावरून हात हलवत होते आणि मी एका दमात, एका कोपऱ्यात, गाडी अशी लावली की दर्शन म्हणाला, "ताटली कुठाय?" मी इतकी हसले. त्या शहरातही अजून जाते कधीकधी, घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून दिवे बघते. नवीन कुणी आपटायला लागलं की मी मागून ओरडते, आरसा बघा!

यंदाच्या दसऱ्यालाही काकीने गाडी धुतली. माळ घातली. कुंकू मात्र मला लावायला सांगितलं, आणि नारळ माझ्या हातात देऊन स्वतः लांब जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, तिची सावलीही गाडीवर पडणार नाही इतकी लांब. मी नारळ आपटला. दोन सरळ भकलं झाली.

"तुझ्या हाताला यश हाय गो," काकी तिथूनच म्हणाली.

मी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो कपाळाला लावून खाल्ला.

नारळाचं काही चुकलं नव्हतं. काकीच्या हाताचं तर नाहीच. वायर मी काढली होती.